मेंदूतील ऑक्सिजनचे एमआरआय मापन आणि चुंबकीय क्षेत्रातील दोष : पार्श्वभूमी

एमआरआयने मेंदूतील ऑक्सिजन मोजताना जो संकेत हवा असतो आणि जो दोष टाळायचा असतो, ते दोन्ही चुंबकीय क्षेत्राच्या विस्कळीतपणातूनच निर्माण होतात. फरक असतो तो केवळ पल्ल्याचा: संकेत सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवतीच्या विस्कळीतपणातून येतो, तर दोष सेंटिमीटरभर पसरणाऱ्या विस्कळीतपणातून.

या मापनाचा पाया एमआरआयच्या कितीतरी आधी घातला गेला. मायकेल फॅरेडे यांनी १८४५ मध्ये वाळलेले रक्त तपासले आणि ताजे रक्तही तपासायला हवे अशी नोंद केली. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जाते, ऑक्सिजनयुक्त मात्र किंचित दूर लोटले जाते, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियल यांनी १९३६ मध्ये दाखवले. बेल लॅबोरेटरीजमधील सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूत हाच परिणाम टिपला आणि ‘बोल्ड’ हे रक्तातील ऑक्सिजनच्या पातळीनुसार बदलणारा संकेत टिपणारे तंत्र रूढ झाले.

बोल्ड बदल दाखवते, प्रमाण सांगत नाही. प्रमाणासाठी पेट स्कॅन (शरीरात किरणोत्सारी द्रव्य देऊन घेतलेली प्रतिमा) होते. परंतु त्यातील किरणोत्सारी ऑक्सिजन-१५ चे अर्धायुष्य सुमारे दोन मिनिटांचे असल्याने तो तयार करणारा सायक्लोट्रॉन (कणांना वेग देणारे यंत्र) जवळच लागतो. याब्लोन्स्की आणि हाके यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपाने दुसरी वाट दिली. स्पिन-एको, म्हणजे विस्कटलेला संकेत रेडिओ स्पंदाने पुन्हा जुळवण्याची पद्धत, स्थिर क्षेत्रदोषांमुळे झालेला संकेतऱ्हास (संकेत विरत जाणे) भरून काढते. एकोविना मोजलेल्या ऱ्हासवेगातून एकोसह मोजलेला वेग वजा केला की उरलेल्या भागावरून ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिनचा अंदाज बांधता येतो.

अडचण नेमकी इथेच आहे. नाकामागील पोकळ्या आणि कानांजवळ हवा व ऊती यांची चुंबकग्राह्यता (क्षेत्रात चुंबकित होण्याची क्षमता) दशलक्षात सुमारे नऊ भागांनी वेगळी असते, त्यामुळे क्षेत्राला सेंटिमीटरभर पसरणारा उतार येतो आणि त्यातून होणारा ऱ्हासही त्याच वजाबाकीत मिसळतो. ही चूक सरासरीत विरत नाही, कारण ती नेहमी ऱ्हास वाढवूनच दाखवते.

शिमिंगने (क्षेत्र एकसारखे करण्याच्या जुळवणीने) उतार कमी होतो, पण पूर्ण जात नाही. काप (प्रतिमेसाठी निवडलेला थर) पातळ केल्यास संकेतही क्षीण होतो, आणि क्षेत्राच्या नकाशावरून नंतर केलेली दुरुस्ती नाहीसा झालेला संकेत परत आणू शकत नाही. म्हणून उताराविरुद्ध मुद्दाम ग्रेडियंट (यंत्राने निर्माण केलेला उलट उतार) लावण्याचा मार्ग मला अधिक मूलगामी वाटतो. १९८० च्या दशकाअखेरीस गॉटिंगेनमधील येन्स फ्राम यांच्या गटाने तो दाखवला. १९९० च्या दशकात आलेल्या ‘गेसेपी’ या पद्धतीत अशी ग्रेडियंटे टप्प्याटप्प्याने बदलत मापन होते व जाड काप गणिताने पातळ थरांत विभागला जातो; अर्थात, प्रत्येक टप्प्यागणिक वेळ वाढतो.

ऑक्सफर्डच्या ब्लॉकली आणि स्टोन यांनी २०१६ मध्ये ही पद्धत असममित स्पिन-एकोशी (ज्यात एकोचा क्षण मापनाच्या क्षणापासून सरकवलेला असतो) जोडली आणि २०१७ मध्ये मस्तिष्कमेरू द्रवाचा (मेंदूभोवतीच्या द्रवाचा) संकेतही दाबला. तरीही ऑक्सिजन उचलीचा (रक्तातील किती ऑक्सिजन मेंदू घेतो याचा) त्यांचा आकडा पेटच्या नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांपेक्षा कमीच आला. उचल काढताना ऱ्हासवेगाला ऑक्सिजनरहित रक्ताच्या आकारमानाने भागले जाते, त्यामुळे आकारमान फुगलेले असल्यास उत्तर खाली येते. क्षेत्राचा उतार काढल्यानंतर संशय आता त्या भाजकावर आहे.