यंत्रालाच त्याचे नाव विचारताना

नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला दिवसभर आकड्यांतच बोलावे लागते. सर्व्हरच्या नोंदीत १९२.०.२.१७ हा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातल्या एखाद्या यंत्राचा क्रमांक, दर मिनिटाला उमटत असतो. तो प्रिंटरचा आहे, साठवणुकीच्या सर्व्हरचा आहे की कोणी आणून जोडलेल्या लॅपटॉपचा, हे मात्र आकड्यांवरून कळत नाही. पत्ता हाती असताना नाव शोधायचे, हे काम वरकरणी किरकोळ वाटते. प्रत्यक्षात त्याला दोन वेगळ्या वाटा आहेत. एक म्हणजे नोंदणी ठेवणाऱ्याला विचारणे आणि दुसरी म्हणजे थेट त्या यंत्रालाच विचारणे. या लेखाचा मुख्य विषय दुसरी वाट आणि तिच्यासाठीची छोटी कमांड-लाइन साधने हा असला, तरी ती वाट का शोधावी लागली हे पहिलीच्या अडचणींवरून कळते.

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली डोमेन नाम प्रणाली, म्हणजे डीएनएस, मुळात नावावरून पत्ता सांगते. पत्त्यावरून नाव सांगण्यासाठी त्याच प्रणालीत एक युक्ती केलेली आहे. डोमेन नावात सर्वांत व्यापक भाग उजवीकडे असतो, तर पत्त्यात तो डावीकडे असतो. म्हणून पत्ता उलटा लिहून त्याला ‘इन-ॲडर.आर्पा’ हे शेपूट जोडतात. वरच्या पत्त्याचे ‘१७.२.०.१९२.इन-ॲडर.आर्पा’ असे नाव होते आणि त्या नावाखालची ‘पीटीआर’ प्रकारची नोंद मागितली जाते. ‘डिग’ या आज्ञेला ‘वजा एक्स’ हा पर्याय देऊन पत्ता लिहिला की ही उलटापालट ती आज्ञा स्वतःच करते.

अडचण आहे ती नोंदींच्या मालकीत. नावाची नोंद डोमेनच्या मालकाच्या हातात असते, तर पत्त्याची उलटी, म्हणजे पीटीआर, नोंद तो पत्ता ज्या संस्थेने दिला तिच्या हातात. दोघांमध्ये ताळमेळ राहावा अशी कोणतीही आपोआप चालणारी व्यवस्था नाही. यंत्र बदलले, जुने काढून त्याच पत्त्यावर नवे बसवले, तरी उलटी नोंद जुन्याच नावाची राहू शकते. बऱ्याचदा ती मुळात केलेलीच नसते. शिवाय उलट्या नावांची वाटणी ठिपक्यांच्या जागीच होत असल्यामुळे २५६ पेक्षा कमी पत्ते असलेल्या ग्राहकाकडे ती सोपवण्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते, आणि ती पद्धत १९९८ च्या आरएफसी २३१७ मध्ये सांगितली आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कामकाजाविषयीचे क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज). १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते तर जगात असंख्य ठिकाणी एकाच वेळी वापरात असतात, त्यामुळे सार्वजनिक डीएनएसकडे त्यांचे नाव असणे शक्यच नाही.

मग ज्याचे नाव हवे त्यालाच का विचारू नये? विल्यम सिम्प्सन यांनी एप्रिल १९९५ मध्ये आरएफसी १७८८ या प्रायोगिक दस्तऐवजात नेमके हेच सुचवले. त्यासाठी त्यांनी आयसीएमपी या नियमावलीचा आधार घेतला. आयसीएमपी म्हणजे इंटरनेटवरील यंत्रांनी एकमेकांना अडचणींचे आणि चौकशीचे निरोप देण्याची भाषा; आपल्या ओळखीची ‘पिंग’ ही आज्ञा त्याच भाषेत ८ क्रमांकाचा निरोप पाठवते आणि ० क्रमांकाचे उत्तर मिळवते. सिम्प्सन यांनी नाव विचारण्यासाठी ३७ आणि नाव सांगण्यासाठी ३८ हे क्रमांक वापरले.

ही देवाणघेवाण किती आटोपशीर आहे ते जवळून पाहण्यासारखे आहे. साधन जे पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे पुडके, पाठवते त्यात पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असलेले २० बाइटचे आयपी शीर्षक आणि त्यापुढे फक्त ८ बाइट असतात: पहिल्या बाइटमध्ये ३७ हा प्रकार, दुसऱ्यात शून्य, दोन बाइटमध्ये चूक पकडणारी बेरीज, दोन बाइटमध्ये ओळख क्रमांक आणि उरलेल्या दोन बाइटमध्ये अनुक्रमांक. टीसीपी या दुसऱ्या नियमावलीत निरोप कोणत्या प्रोग्रॅमसाठी आहे हे ‘पोर्ट’ क्रमांकावरून कळते; आयसीएमपीला तसे पोर्ट नसल्यामुळे आलेले उत्तर आपल्याच प्रश्नाचे आहे हे साधन या ओळख क्रमांकावरून ठरवते. उत्तरात तेच दोन क्रमांक परत येतात, त्यानंतर हे नाव किती सेकंद ग्राह्य धरावे हे सांगणारे ४ बाइट आणि शेवटी नाव. नाव डीएनएसच्याच पद्धतीने लिहिले जाते, म्हणजे ठिपक्यांऐवजी प्रत्येक भागाआधी त्याची लांबी. इंग्रजी अक्षरांतल्या ‘प्रिंटर.एक्झाम्पल.ऑर्ग’ या नावासाठी ७ आणि सात अक्षरे, पुन्हा ७ आणि सात अक्षरे, मग ३ आणि तीन अक्षरे, शेवटी शून्य, असे २१ बाइट लागतात. अख्खे उत्तर ५३ बाइटचे होते. मधल्या कोणत्याही सर्व्हरची गरज पडत नाही, आणि मला या रचनेचे सर्वांत मोठे देखणेपण तिथेच दिसते.

असे पॅकेट हाताने रचून पाठवायचे तर बहुतेक प्रणालींवर प्रशासकाचा अधिकार लागतो, कारण सामान्य प्रोग्रॅमला असे कच्चे पॅकेट पाठवण्याची मुभा नसते. ती अट पूर्ण झाली की साधनाचे काम साधे आहे: प्रश्न पाठवायचा, थोडा वेळ वाट पाहायची, उत्तर न आल्यास पुन्हा विचारायचे आणि मिळालेले नाव छापायचे.

तरीही ही पद्धत रुळली नाही. समोरच्या यंत्राला ३७ क्रमांकाचा प्रश्न समजणारा प्रोग्रॅम हवा आणि रोजच्या वापरातल्या प्रणालींनी तो सोबत दिला नाही. अनोळखी प्रकारचे आयसीएमपी निरोप फायरवॉल अडवतात. यंत्र बंद असेल तर उत्तर मिळतच नाही, पीटीआर नोंद मात्र तेव्हाही वाचता येते. बऱ्याच यंत्रांना आपले पूर्ण डोमेन नाव स्वतःलाही ठाऊक नसते. अखेर २०१३ मध्ये आरएफसी ६९१८ ने हे दोन्ही प्रकार अधिकृतपणे मोडीत काढले आणि सिम्प्सन यांचा दस्तऐवज इतिहासजमा झाला.

कल्पना मात्र टिकली, कारण आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे पुष्कळ लांब पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, तिची गरज अधिकच वाढली. त्यातल्या एका नेहमीच्या आकाराच्या उपजाळ्यात २ चा ६४ वा घात इतके पत्ते असतात. १८ या संख्येपुढे १८ शून्ये लिहावीत त्याहूनही थोडे अधिक. इतक्या पत्त्यांच्या उलट्या नोंदी आधीच भरून ठेवणे कोणालाच शक्य नाही. २००६ च्या आरएफसी ४६२० ने म्हणून १३९ आणि १४० क्रमांकांचे नवे निरोप ठरवले. लिनक्सवरील ‘पिंग’ला ‘वजा एन’ आणि त्यापुढे ‘नेम’ हा शब्द दिला की ती आज्ञा नेहमीच्या पिंग-निरोपाऐवजी हाच प्रश्न पाठवते. इथेही अडचण उत्तर देणाऱ्याचीच: लिनक्सचा गाभा स्वतःहून अशा प्रश्नाला उत्तर देत नाही.

आज ही कल्पना खऱ्या अर्थाने नांदते आहे ती मल्टिकास्ट डीएनएसमध्ये, म्हणजे २०१३ च्या आरएफसी ६७६२ मध्ये. त्यात प्रश्न २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्याच्या ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवला जातो, जवळपासची सगळी यंत्रे तो ऐकतात आणि ज्याला तो लागू आहे ते यंत्र ‘लोकल’ने संपणारे आपले नाव कळवते. लिनक्सवर ‘अवाही-रिझॉल्व्ह’ या आज्ञेला ‘वजा ए’ आणि पत्ता दिला की हे पाहता येते. एखादा प्रिंटर काही क्षणांत आपले नाव सांगतो.

मिळालेल्या नावावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यंत्राने सांगितलेले नाव हा त्याचा दावा असतो, आणि पीटीआर नोंद हा पत्ता सांभाळणाऱ्या संस्थेचा दावा असतो. म्हणून जाणकार मंडळी मिळालेले नाव पुन्हा डीएनएसला विचारतात आणि त्यातून मूळ पत्ताच परत येतो का ते पाहतात. अनेक ईमेल सर्व्हर संदेश स्वीकारण्यापूर्वी ही खातरजमा करतात. ती उपयोगी पडते, कारण नावाचा मालक आणि पत्त्याचा सांभाळकर्ता या दोन वेगळ्या पक्षांची साक्ष जुळावी लागते. ‘लोकल’ने संपणाऱ्या नावाची अशी उलटतपासणी करायला गेलो, तर दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्नही त्याच यंत्राकडे जातो आणि तेच यंत्र पुन्हा होकार भरते. अशा नावावरून प्रिंटर शोधावा. एखाद्या यंत्राला आत येऊ द्यायचे की नाही, हे मात्र त्यावरून ठरवू नये.