बंद कारखाना किती वीज खातो?

रविवार, रात्रीचे दोन. शेवटची शिफ्ट शनिवारी संध्याकाळीच सुटली. यंत्रं थंड पडलेली, कन्व्हेयर थांबलेले, फाटकावर पहारेकरी तेवढा जागा. या घडीला कारखान्याच्या मुख्य मीटरवर किती किलोवॉट दिसायला हवेत? आवारातले दिवे, सर्व्हरची खोली, फार तर एखादा शीतकक्ष. पण मीटर वाचलं की आकडा या बेरजेच्या बराच पुढे गेलेला सापडतो. तो पाहून सगळ्यांत जास्त बुचकळ्यात पडतो तो तिथेच वीस वर्षं काढलेला मेंटेनन्सचा माणूस. 'सगळं तर बंद करून गेलो होतो!'

एनर्जी ऑडिट, म्हणजे ऊर्जेचं लेखापरीक्षण, सुरू करायला याहून चांगला मुहूर्त नाही. ऑडिट म्हटलं की ट्यूब काढून एलईडी लावणं एवढंच अनेकांच्या डोळ्यांपुढे येतं. ते करावंच, पण जड उद्योगात दिव्यांचा वाटा लहान असतो. जगात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी 40 टक्क्यांहून अधिक वीज इलेक्ट्रिक मोटरींमधून जाते. पंप, पंखे, कॉम्प्रेसर ही त्या मोटरींची मोठी गिऱ्हाइकं. खरी गळती शोधायची ती इथे.

आणि ती सहजासहजी सापडत नाही, कारण तिच्यामुळे कुणाचं काम अडत नाही. बेअरिंग जळालं तर पाच मिनिटांत माणसं धावत येतात. दुप्पट वीज खाणारा पंप मात्र आपलं काम चोख करत असतो, त्याच्याबद्दल तक्रार कोण करणार? बिल येतं ते लेखा विभागात. पंप असतो उत्पादन विभागात. दोघांची गाठ पडतच नाही.

आजची मीटरं दर 15 मिनिटांचा वापर नोंदवून ठेवतात. आठवड्याच्या अशा 672 नोंदी होतात. त्यांचा आलेख काढून भिंतीवर लावला की निम्मं ऑडिट बसल्या जागी होतं. शिफ्ट आठची असताना रेषा सहालाच का चढते? जेवणाच्या सुट्टीत ती खाली का येत नाही? सुट्टीच्या दिवशीचा तळ गेल्या वर्षीपेक्षा वर का सरकला? या प्रश्नांची उत्तरं घेऊन मगच क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून विजेचा प्रवाह मोजणारं यंत्र) आणि थर्मल कॅमेऱ्यासह शेडमध्ये फिरायचं.

रविवारच्या त्या आकड्यामागचा पहिला संशयित बहुतेकदा हवेचा कॉम्प्रेसर असतो. दाबाखालची हवा वापरायला सुटसुटीत, सुरक्षित आणि फुकट वाटते. प्रत्यक्षात ती कारखान्यातली सर्वांत महागड्या ऊर्जांपैकी एक आहे. कॉम्प्रेसरने घेतलेल्या विजेपैकी जेमतेम 10 ते 15 टक्के ऊर्जा हवेच्या टोकाला उपयोगी काम करते. बाकीची उष्णता होऊन जाते. त्यातून पाण्याची गळती जमीन ओली करते, तेलाची डाग पाडते, हवेची गळती मात्र काहीच मागे ठेवत नाही. तिचा बारीक फुस्स आवाज यंत्रांच्या गोंगाटात बुडतो. 7 बार दाबाच्या पाइपला 3 मिलिमीटरचं एक भोक पडलं, तर त्यातून निसटणारी हवा भरून काढायला कॉम्प्रेसरला साधारण साडेतीन किलोवॉट जादा लागतात. वर्षभर तो दाब चालू राहिला तर हे 30,000 युनिटच्या घरात जातं. आणि भोक एकच असतं असं थोडंच आहे? जोड सैल होतात, होज चिरतात, काढून टाकलेल्या यंत्राची लाइन तशीच लोंबत राहते.

ही गळती मोजायची एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे आणि मला ती फार आवडते. सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारी सगळी यंत्रं बंद ठेवायची, फक्त कॉम्प्रेसर चालू करायचा आणि स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभं राहायचं. हवा कुणीच वापरत नसेल तर एकदा टाकी भरल्यावर कॉम्प्रेसरने पुन्हा भार घ्यायचं, म्हणजे हवा दाबायला लागायचं, कारण नाही. तो घेतो, कारण दाब उतरत असतो. समजा तो 2 मिनिटं भारावर चालला आणि 6 मिनिटं भाराविना. मग एकूण 8 पैकी 2 मिनिटं, म्हणजे त्याच्या क्षमतेचे 25 टक्के, निव्वळ गळती भरण्यात जाताहेत. देखभाल नीट नसलेल्या ठिकाणी 20 ते 30 टक्के हा आकडा अजिबात अपवाद नाही. भोकं नेमकी कुठे आहेत ते अल्ट्रासाउंड ऐकणारं छोटं यंत्र दाखवतं, कारण निसटणारी हवा माणसाच्या कानापलीकडच्या कंपनांतही ओरडत असते.

हवेचा दुसरा रोग जास्त मजेशीर आहे. एका कोपऱ्यातल्या यंत्राला दाब कमी पडतो. ऑपरेटर तक्रार करतो. कुणीतरी जाऊन कॉम्प्रेसरचा दाब एक बारने वाढवतो, तक्रार मिटते आणि सगळे विसरतात. खरं कारण असतं त्या लाइनवरचा तुंबलेला फिल्टर. आता त्या एका फिल्टरपायी सगळा कारखाना वरच्या दाबावर चालतो, वीज 6-7 टक्के जास्त लागते, आणि दाब वाढल्याने प्रत्येक भोकातून हवाही जास्त जाते.

पंप आणि पंख्यांची गोष्ट वेगळी. ते बहुधा जन्मापासूनच गरजेपेक्षा मोठे असतात, आणि त्यात दोष कुणा एकाचा नसतो. प्रक्रिया आखणारा 'असू दे थोडं जास्त' म्हणून 10 टक्के वाढवतो, पाइपलाइन आखणारा आणखी 10, खरेदी करणारा आणखी 10. तिघांची सावधगिरी गुणली की पंप गरजेपेक्षा 33 टक्के मोठा होतो. मग येणारं जादा पाणी आवरायला पुढचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद केला जातो. नळ पूर्ण सोडायचा आणि त्याचं तोंड अंगठ्याने दाबून धरायचं, असाच हा प्रकार. व्हॉल्व्हमध्ये जिरणारी ऊर्जा पंपाने आधी पुरवलेली असते, तिचे पैसे मोजून झालेले असतात.

याला उपाय म्हणजे पंपाचा वेगच कमी करणं, आणि इथे भौतिकशास्त्र आपल्या बाजूने उभं राहतं. केंद्रोत्सारी पंपाचा किंवा पंख्याचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात बदलतो, पण त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग 80 टक्क्यांवर आणला की प्रवाह 80 टक्के मिळतो, शक्ती मात्र 0.8 चा घन, म्हणजे सुमारे 51 टक्के पुरते. मोटरचा वेग बदलणारं व्हीएफडी नावाचं उपकरण म्हणूनच एवढं खपतं. विकणारे एक गोष्ट सांगायची सोयीस्कर विसरतात, ती इथे सांगतो. घनाचा हा नियम पाणी पाइपमधल्या घर्षणाशी झगडत फिरत असतं तिथे लागू पडतो. पंपाचं मुख्य काम पाणी उंच टाकीत चढवणं असेल, तर ती उंची वेग कमी केल्याने कमी होत नाही आणि बचत हिशेबापेक्षा बरीच थोडी निघते. पंप कायमच एका ठरावीक प्रवाहावर चालत असेल, तर त्याच्या इंपेलरचा, म्हणजे आत फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाचा, व्यास घटवून घेणं स्वस्तात पडतं.

उष्णतेच्या बाजूला आकडे साधे आहेत. चिमणीतून जाणाऱ्या वायूचं तापमान साधारण 22 अंशांनी उतरवलं की बॉयलरची कार्यक्षमता एक टक्का सुधारते. बॉयलरमध्ये शिरणारं पाणी त्याच टाकाऊ उष्णतेने 6 अंश तापवून घेतलं, तर इंधन जवळपास तेवढंच, एक टक्का, वाचतं. स्टीम ट्रॅप म्हणजे वाफेच्या लाइनमधलं साचलेलं पाणी बाहेर सोडून वाफ अडवणारी झडप; ती उघडी अडकली की वाफेचं भोकच. आवरण नसलेले फ्लँज (पाइपांचे जोड) आणि व्हॉल्व्ह थर्मल कॅमेऱ्यात दिव्यासारखे चमकतात.

एक सावधगिरी. बिल कमी होणं आणि ऊर्जा कमी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विद्युतप्रवाहातला किती भाग खरं काम करतो त्याचं माप) सुधारला की जिथे दंड लागतो तिथे तो वाचतो, तारांमधली तूटही थोडी घटते, पण मोटरचं काम तेवढंच राहतं आणि त्यासाठी लागणारी ऊर्जाही. 'ही पेटी लावा, वीज 30 टक्के वाचेल' असं सांगत फिरणारे लोक याच फरकाच्या धूसरपणावर जगतात.

आता ऑडिटरचा अहवाल आला. गळत्या बुजवल्या, दाब उतरवला, इंपेलर कापला. रविवारचा आकडा खाली आला, सगळे खूश. वर्षाने पुन्हा स्टॉपवॉच घेऊन उभं राहिलं तर कॉम्प्रेसर परत पूर्वीइतकाच भार घेताना दिसतो. होज पुन्हा चिरले, रात्रपाळीत कुणीतरी दाब पुन्हा वाढवला. ऑडिट हे एका दिवसाचं छायाचित्र असतं. त्यानंतरच्या दिवसांवर नजर ठेवण्याच्या कामाला ऊर्जा व्यवस्थापन म्हणतात. ते कंटाळवाणं आहे आणि खरी बचत टिकते ती त्यानेच.

त्यातली पहिली अडचण मोजण्याचीच. बहुतेक कंपन्या 'टनामागे किती युनिट' हा एकच आकडा पाहतात, आणि तो फसवा आहे. समजा एका कारखान्यात काहीही बनवलं नाही तरी महिन्याला 60,000 युनिट लागतात आणि प्रत्येक टनाला आणखी 200. महिन्याला 500 टन माल निघाला तर एकूण 1,60,000 युनिट, म्हणजे टनामागे 320. पुढच्या महिन्यात मागणी घसरली, 300 टनच निघाले. एकूण 1,20,000 युनिट, टनामागे 400. व्यवस्थापक बैठकीत विचारणार, 'वीज एवढी का वाढली?' वाढलेली काहीच नाही. उलट उत्पादन वाढलेल्या महिन्यात हाच आकडा आपोआप सुधारतो आणि काही न करता शाबासकी मिळते.

त्याऐवजी आडव्या अक्षावर उत्पादन, उभ्या अक्षावर वीज घेऊन दोनेक वर्षांच्या महिन्यांचे ठिपके मांडावेत. ते साधारण एका सरळ रेषेभोवती जमतात. रेषा मागे ओढत शून्य उत्पादनापर्यंत नेली की ती शून्याला भेटत नाही, वरच कुठेतरी थांबते. ती उंची म्हणजे कारखान्याचा स्थिर खर्च. आपला रविवारच्या रात्रीचा आकडा त्यातच बसलेला असतो. यापुढे दर महिन्याला रेषेनुसार किती वीज लागायला हवी होती आणि किती लागली, यातला फरक काढायचा आणि त्या फरकांची बेरीज पुढे नेत राहायची. सगळं ठीक असेल तर ही बेरीज शून्याच्या आसपास घुटमळते. एखादा व्हॉल्व्ह अडकला, की ती त्याच महिन्यापासून वर चढू लागते. बिघाड कुठे झाला ते ती सांगत नाही, पण कधी झाला ते बिनचूक सांगते, आणि मेंटेनन्सच्या नोंदवहीत ती तारीख शोधणं फार अवघड नसतं.

आयएसओ 50001 हे ऊर्जा व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक 2011 मध्ये आलं, 2018 मध्ये सुधारलं गेलं. कोणतं यंत्र घ्या किंवा किती टक्के वाचवा यातलं काहीच ते सांगत नाही. ऊर्जा सर्वांत जास्त कुठे जाते, तुलनेसाठी पायाभूत आकडा कोणता, सुधारणा कशी मोजणार आणि जबाबदार कोण, असे प्रश्न ते विचारतं आणि ते विचारत राहण्याची सवय लावतं. माझ्या मते शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे. गळक्या होजला मालक नसतो, हीच तर मुळातली भानगड.

पायाभूत आकड्यावरून भांडणं व्हायला मानक यायची गरज नव्हती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बोल्टन आणि जेम्स वॉट यांची कंपनी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या खाणींना पाणी उपसायची वाफेची इंजिनं देत असे. सौदा असा, की न्यूकोमेनच्या जुन्या धर्तीच्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या एक तृतीयांश किमतीइतके पैसे कंपनीला द्यायचे. बचत मोजायला इंजिनाच्या तुळईवर गणकयंत्र बसवलं जाई. ते प्रत्येक हेलकावा मोजत राही. त्याची पेटी कुलूपबंद असे आणि किल्ली कंपनीच्या माणसाकडे. सुरुवातीला खाणमालक खुशीत होते. काही वर्षांनी जुनी इंजिनं मोडीत निघाली, न जळलेल्या कोळशाचे पैसे मोजणं त्यांना जाचक वाटू लागलं, आणि अनेकांनी ते थांबवले. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

1800 मध्ये वॉटचं पेटंट संपलं. कंपनीची माणसं कॉर्नवॉल सोडून गेली, नोंदी ठेवण्यात कुणाला रस उरला नाही, आणि त्याच खाणींतल्या इंजिनांची कामगिरी घसरली. 1811 मध्ये खाणमालकांनी जोएल लीन नावाच्या खाण-व्यवस्थापकाला एक काम दिलं. प्रत्येक इंजिन ठरावीक मापाच्या कोळशात किती पाणी किती उंच चढवतं ते मोजायचं आणि सगळ्यांची नावं घालून दर महिन्याला तक्ता छापायचा. शेजारच्या खाणीचा आकडा आपल्यापेक्षा वर का, हे आता प्रत्येक इंजिनिअरला दिसू लागलं. उच्च दाबाची वाफ, बॉयलरवरचं आवरण, झडपांच्या वेळा, जे एकाला साधलं ते दुसरा उचलू लागला. पुढच्या तीसेक वर्षांत तक्त्यातल्या इंजिनांची सरासरी कामगिरी तिपटीच्या आसपास गेली. लीन स्वतः 1812 मध्येच वारले. मुलांनी काम पुढे चालवलं, आणि तो तक्ता 1904 पर्यंत छापला जात होता.