पाणी दाताच्या पुढे की मागे?

पाथरवटाची टाकी झिजून बोथट व्हायची, तापून बिघडत नसे. दोन घावांच्या मध्ये तिला निवायला उसंत मिळे. यंत्राने ती उसंत काढून घेतली. 1950च्या दशकात ब्रिटनमधल्या कोळसा खाणींत शिअरर, म्हणजे कोळसा खरवडून काढणारी यंत्रे, आली. त्यांच्या फिरत्या ड्रमवर टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे दात होते. कोळशात ते सुखाने चालत. गारगोटीचे कण असलेल्या वालुकाश्माला भिडले की खरी परीक्षा व्हायची.

इथे ‘तापमान’ हा शब्दच घोळ घालतो. दाताच्या पोटात थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, बसवले तर आकडा काहीशे अंशांचा येतो. दात पुढे सरकल्यावर मागे दगडावर उरणारी तप्त रेघ मात्र हजार अंशांच्या वर जाते, आणि कोळसा खाणीत झिरपणारा मिथेन वायू पेटायला सुमारे सहाशे अंश पुरतात. दोन्ही आकड्यांना एकच नाव असल्यामुळे खाणीत आग कशाने लागते या वादात ज्याला जो सोयीचा तो पुढे करता येई. बरीच वर्षे दोष ठिणग्यांच्या माथी मारला गेला. खरी आग लावणारी ही रेघ होती.

धूळ दाबायला फवारा आधीपासून होताच, पण दाताच्या पुढे. रेघ तर मागे! नळी मागे वळवायची म्हणजे दाताची बैठकच बदलायची, आणि धूळ आटोक्यात ठेवण्याचे काम पाहणाऱ्यांचा त्याला आक्षेप. माझ्या मते मूळ प्रश्न पाण्याचा नव्हताच, वेगाचा होता. टोकाचे तापमान काप खोल केल्यापेक्षा दाताचा वेग वाढवल्याने जास्त चढते. ड्रम सावकाश फिरवून खोल काप घेतला तर धूळही कमी होते. फक्त दात मोठे आणि गिअरबॉक्स दणकट लागतो. खर्च आडवा आला तो इथेच.

झिजेचेही तेच. दगड दर क्षणी नवा आणि थंड, टोक मात्र तेच. तापलेले कार्बाइड मऊ पडते, बोथट होते, जास्त घासते आणि आणखी तापते.

1970च्या दशकात तेलविहिरी खोदणाऱ्या बिटवर, म्हणजे छिद्रकाच्या टोकावर, कृत्रिम हिऱ्याचे कटर आले. सुमारे 350 अंशांपुढे त्यांची झीज झपाट्याने वाढते, हे पुढच्या दशकातल्या प्रयोगांत दिसले. सातशेच्या आसपास त्यातला, हिऱ्याच्या कणांमधला कोबाल्ट धातू हिऱ्यापेक्षा जास्त फुगून तडे पाडतो. मग आम्लाने कोबाल्ट काढून टाकलेला हिरा आला. तो बाराशेपर्यंत टिके, पण ठिसूळ. आता कडेचा पातळ थर तेवढा कोबाल्टमुक्त करतात. बोगदे कोरणाऱ्या रोडहेडर यंत्रावर मात्र धक्के सोसायला अजून बहुतेक ठिकाणी कार्बाइडच आहे.