दुखण्याची गोळी मागताना घरची औषधांची पिशवी सोबत आणा

चोपडा व आसपासच्या गावांतील आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी

“भाऊ, गुडघा दुखी ऱ्हायना, एखादी चांगली गोयी दे.” आमच्या काउंटरवर सर्वांत जास्त ऐकू येणारी मागणी हीच. चांगली म्हणजे लवकर गुण देणारी. त्यावर आमचे उलटे प्रश्न सुरू होतात. बीपीची गोळी चालू आहे का? साखर आहे का? किडनीचा किंवा ॲसिडिटीचा त्रास? रक्त पातळ करायची गोळी? मागे गर्दी असते, गावाकडची बस सुटायची असते, त्यामुळे काहींना राग येतो. तरीही डायक्लोफिनॅकसारखी गोळी आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही. ते औषध शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे कायद्यानेच चिठ्ठी लागते. पण कायदा नसता तरी आम्ही विचारलंच असतं. का, ते खाली लिहिलं आहे.

दुखण्याच्या गोळ्या दोन जातीच्या

पॅरासिटामॉल ताप आणि दुखणं दोन्हीवर चालतं. पोटाला आणि किडनीला त्याचा त्रास कमी. जास्त झालं तर मार बसतो तो यकृताला, म्हणजे लिव्हरला. दुसऱ्या जातीत डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे येतात. सूज असलेल्या दुखण्यावर यांचा गुण जास्त, पण पोटात अल्सर, काळी शौच, वाढलेलं बीपी, पायांवर सूज आणि किडनीवर ताण हे धोकेही यांचेच. उपाशीपोटी घेऊ नका. जेवून घेतली म्हणजे किडनी वाचली असं मात्र नाही. जेवणाने फक्त पोटाची जळजळ थोडी कमी होते.

आपल्याकडे हे जास्त जपावं लागतं ते उन्हामुळे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. केळीचे घड वाहणारा माणूस घामाने निथळतो, लघवी कमी आणि गडद होते, म्हणजे किडनीला आधीच रक्त कमी पोचत असतं. त्यात टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल ही बीपीची गोळी, सोबत लघवी वाढवणारी गोळी, आणि वरून संध्याकाळी कंबरेसाठी डायक्लोफिनॅक. या तिघी एकत्र आल्या की किडनी काही दिवसांत बसू शकते. बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ अक्षर असेल, तर लघवी वाढवणारं औषध बहुधा त्याच गोळीत असतं. ते वेगळं दिसत नाही, म्हणून पाकीट दाखवा. जुलाब-उलट्या चालू असताना तर या जातीच्या गोळ्या नकोच, आणि बीपीच्या गोळीचं काय करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बीपीची गोळी कायमची सोडू नका.

अशा माणसाने गुडघ्यासाठी काय करावं? शेक, मलम किंवा जेल (त्यातलं औषध रक्तात बरंच कमी जातं), गरज पडली तर पॅरासिटामॉल, आणि मांडीच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम. शेवटची गोष्ट आम्ही विकत नाही, पण गुडघ्याला सर्वांत टिकाऊ गुण तिचाच.

तीन पाकिटं, औषध एकच

सर्दीची गोळी, तापाची गोळी आणि गुडघ्याची गोळी अशी तीन पाकिटं घरात असतात. नावं वेगळी, रंग वेगळे. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचली तर तिन्हींत पॅरासिटामॉल सापडतं. हिशेब करून बघा. सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, झाले १५००. तापाची ६५०ची, तीनदा, झाले १९५०. असिक्लोफिनॅकसोबत ३२५, दोनदा, झाले ६५०. एकूण ४१००. धडधाकट मोठ्या माणसाचीही दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. बारीक अंगाच्या म्हाताऱ्या माणसाला, लिव्हरच्या रुग्णाला आणि रोज दारू घेणाऱ्याला त्याहून बरीच कमी. म्हणून आमचा नियम साधा: डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर ६५०ची गोळी दिवसाला चारपेक्षा जास्त नाही, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, आणि या शेवटच्या तिघांनी डॉक्टरांना विचारूनच. जास्त झालेल्या पॅरासिटामॉलचा पहिल्या दिवशी बहुधा काहीच त्रास दिसत नाही, म्हणून चुकून जास्त गोळ्या पोटात गेल्या असतील तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

लहान मुलांच्या सिरपमध्ये गोंधळ आणखी मोठा. एका बाटलीत ५ मिलीला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसरीत ५ मिलीला २५०, आणि तान्ह्या बाळाच्या थेंबांत १ मिलीलाच १००. म्हणजे थेंबांचं औषध सिरप समजून चमचाभर पाजलं तर ५०० मिलिग्रॅम, मोठ्या माणसाची गोळी. डोस वजनावर ठरतो, तेव्हा बाळाचं वजन सांगा आणि बाटलीसोबत येणाऱ्या मापानेच द्या. घरातला चमचा वापरू नका. निमेसुलाइड हे ताप-दुखण्याचं औषध बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर २०११ पासून बंदी आहे. शेजारच्यांनी दिलेली बाटली आधी वाचा.

पावसाळ्यातल्या तापात डेंग्यूची शक्यता धरूनच चाला. ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको, रक्तस्राव वाढू शकतो. फक्त पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि तपासणी. हृदयासाठी ॲस्पिरिन आधीपासून चालू असेल तर तिचा निर्णय डॉक्टरांवर सोडा.

पुडीतली गोळी

कोणी बिननावाची पुडी देतं, दोन दिवसांत सांधे मोकळे होतात, भूक लागते, चेहरा भरतो. अशा पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पण बरेच आठवडे घेतलेली पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं आहे, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. पुडी डॉक्टरांना दाखवा, ते हळूहळू उतरवतील. लपवू नका, कोणी रागावणार नाही.

साखरेच्या माणसाचं दुखणं आणि इन्सुलिन

तळपायांची आग, मुंग्या, रात्री चादरही न सोसणं, हे नसांचं दुखणं. त्यावर साध्या वेदनाशामकाचा फारसा उपयोग होत नाही. डॉक्टर वेगळी औषधं देतात. त्यांनी सुरुवातीला झोप येते आणि तोल जातो, म्हणून रात्री बाथरूमला जाताना आजीच्या सोबत कोणीतरी असू द्या.

एकादशी, नवरात्राचा उपास धरणाऱ्यांनी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीसारखी घेऊन उपाशी राहू नये. उपासाच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. घाम, थरथर, बावचळल्यासारखं वाटलं तर साखर फार उतरली समजा आणि तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. उपास मोडला तर मोडला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, १०८ला फोन करा.

इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर साफ दिसलं तरी फेकायचं. पाड्यावर फ्रिज नसेल तर लहान मडकं मोठ्या मडक्यात ठेवा, मध्ये ओली वाळू, आणि बाटली प्लास्टिकच्या कोरड्या डबीत. सावलीत ठेवलेल्या मडक्यात उन्हाळ्यातही बाहेरच्यापेक्षा बराच गारवा राहतो. उघडलेली बाटली साधारण २८ दिवस.

सिरिंज अदलाबदल करू नका. लाल टोपणाची ४० युनिटच्या बाटलीसाठी, केशरी टोपणाची १०० युनिटसाठी. ४०ची बाटली आणि १००ची सिरिंज घेतली तर औषध निम्म्याहूनही कमी जातं. उलट झालं तर अडीचपट, आणि ते जिवावर बेतू शकतं. बाटली आणि सिरिंजवरचा आकडा आमच्यासमोर जुळवूनच न्या.

सिकलसेलचं दुखणं नाटक नाही

सिकलसेल हा आईबापांकडून मुलांत उतरणारा रक्ताचा आजार. सातपुड्याच्या पाड्यांवरून येणारे आमचे पावरा आणि भिल्ल ग्राहक त्याचं दुखणं चांगलं ओळखतात. हातपाय, पाठ, हाडं अचानक ठणकायला लागतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक नसांत अडकून तिथला रक्तपुरवठा तुटतो, म्हणून हे दुखणं. पाणी कमी पिणं, थंडी, ताप, अतिश्रम यांनी ते उसळतं. गरम शेक द्या, बर्फ लावू नका, पाणी पाजा, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी वेळेवर द्या. हायड्रॉक्सियुरिया (हे दुखणं कमी वेळा उसळावं म्हणून रोज घ्यायचं औषध) चालू असेल तर बरं वाटलं म्हणून थांबवू नका, आणि मूल हवं असेल तर ठरवण्याआधीच डॉक्टरांशी बोला, बाई असो वा पुरुष. ताप, छातीत दुखणं, धाप, पोट फुगून पांढरेपणा, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नका. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३मध्ये सुरू झाली. सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या, लग्न जुळवण्याआधी तर नक्कीच.

कॅन्सरच्या रुग्णाच्या घरी

मॉर्फिन हे कॅन्सरच्या तीव्र दुखण्यावरचं औषध आमच्या काउंटरवर मिळत नाही, मान्यताप्राप्त रुग्णालयातून मिळतं. “सवय लागेल” म्हणून आप्पांना कळा सोसायला लावू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला द्या, दुखणं वाढायची वाट न पाहता. बद्धकोष्ठ ठरलेला, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून विचारून घ्या. औषध मुलांच्या हाती लागणार नाही असं कुलपात.

शेतकरी बांधवांसाठी एक आडवी गोष्ट: लंगड्या बैलासाठी माणसाचं डायक्लोफिनॅक इंजेक्शन मागू नका. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मेली. पशुवैद्यकाकडे मेलॉक्सिकॅम आहे.

कंबरदुखीत लघवी अडकली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातला जोर गेला, तर गोळी मागायला येऊ नका, सरळ रुग्णालयात जा. कोणत्याही औषधाने अंगावर पुरळ, ओठांना सूज किंवा धाप आली तर औषध थांबवून दवाखाना, आणि नंतर १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर नोंद करता येते. येताना रिकामं पाकीट जपून आणा. गोळी संपली तरी नाव आणि बॅच नंबर त्यावरच असतो.