‘निम्म्या नोकऱ्या जाणार’ हा आकडा आला कुठून?

‘ऑक्सफर्ड म्हणतंय, एआयमुळे ४७ टक्के नोकऱ्या जाणार’ हा मेसेज हिंजवडीपासून चाकणपर्यंत वर्षानुवर्षं फिरतोय. मूळ अभ्यास ऑक्सफर्डचे संशोधक फ्रे आणि ऑस्बॉर्न यांचा, २०१३चा, म्हणजे चॅटजीपीटीच्या कितीतरी आधीचा; तोही फक्त अमेरिकेतल्या ७०२ व्यवसायांचा. तिथला ४७ टक्के रोजगार यंत्राला तांत्रिकदृष्ट्या जमू शकेल, एवढंच त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात किती जाईल, हे त्यांनी मोजलंच नव्हतं. २०१६मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या अभ्यासाने अख्ख्या व्यवसायाऐवजी त्यातली कामं तपासली, तर २१ देशांचा सरासरी आकडा निघाला ९ टक्के. कारण साधं आहे. गाडीच्या सांगाड्याचं स्पॉट वेल्डिंग रोबो करतो, पण जोडायचा भाग नीट बसलाय का बघायला, वेल्डिंगची झिजलेली टिप बदलायला, उत्पादनाची लाइन अडली की सोडवायला माणूस लागतोच. तो माणूस कायम की कंत्राटी, हे मात्र फॉरवर्ड करणारे कधी विचारत नाहीत.