निवेदनासाठी कंडेन्सर मायक्रोफोनची निवड

आकाशवाणीची उद्घोषणा, जाहिरातीचा आवाज, पुस्तकवाचन किंवा चित्रफितीचे निवेदन यांसाठी कंडेन्सर मायक्रोफोन घेताना त्याचे गुणधर्म, बोलणाऱ्याचा आवाज आणि ध्वनिमुद्रणाची खोली यांचा मेळ घालावा लागतो. खानदेशात जळगाव व धुळे येथे आकाशवाणीची केंद्रे आहेत. त्यांच्याबाहेर मराठी निवेदन, अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती यांचे बरेचसे काम घरातल्या खोलीतच होते. निवडीचा खरा प्रश्न तिथेच पडतो, कारण केंद्राच्या स्टुडिओत ध्वनिशोषक भिंती आणि दुहेरी दारे आधीपासूनच असतात.

कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये धातूचा मुलामा दिलेला काही मायक्रोमीटर जाडीचा पडदा एका स्थिर पट्टीसमोर ताणून बसवलेला असतो. आवाजाने पडदा हलला की दोहोंमधले अंतर आणि त्याबरोबर विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. या बदलातून मिळणारा संकेत इतका नाजूक असतो की तो वाढवणारा प्रवर्धक मायक्रोफोनच्या पोटातच बसवावा लागतो. त्यासाठी बाहेरून वीज लागते. ही वीज बहुधा ४८ व्होल्टची ‘फँटम पॉवर’ असते आणि ती मिक्सर किंवा ऑडिओ इंटरफेसमधून (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या यंत्रातून) त्याच तारेने येते. ई. सी. वेंटे यांनी १९१६ मध्ये हा प्रकार तयार केला. जर्मनीत गेऑर्ग नॉयमान यांच्या कंपनीने १९२८ पासून तो बाजारात आणला. कायम विद्युतभारित राहणाऱ्या पडद्याचा इलेक्ट्रेट प्रकार १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत सेसलर व वेस्ट यांनी विकसित केला, आणि त्यानंतर हे तंत्र स्वस्त झाले.

‘कंडेन्सर लांबचे सगळे ओढतो, डायनॅमिक ओढत नाही’ अशी समजूत पक्की रुजली आहे. (डायनॅमिक म्हणजे पडद्याला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्यावर चालणारा, बाहेरून वीज न लागणारा मायक्रोफोन.) ती अर्धवट खरी आहे. मोकळ्या जागेत तोंड आणि मायक्रोफोन यांतले अंतर निम्मे केले की बोलण्याची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. डायनॅमिकवर निवेदक ५ सेंटिमीटरवरून बोलतो आणि कंडेन्सरवर २० वरून. म्हणजे सुमारे १२ डेसिबलचा फरक केवळ बसण्याच्या जागेने पडतो. दोन्ही सारख्याच अंतरावर ठेवून ऐकले, की ‘ओढण्यातला’ बराचसा फरक नाहीसा होतो. जे उरते ते वरच्या पट्टीतील बारकाव्यांचे असते: कंडेन्सर ओठांची चटचट, श्वास आणि कागदाची सळसळ अधिक स्पष्ट टिपतो.

तपशीलपत्रकात पाहण्याजोगा पहिला आकडा स्वतःच्या कुजबुजीचा, म्हणजे सेल्फ नॉइजचा. १५ डेसिबल-ए (कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेले डेसिबल) किंवा त्याहून कमी आकडा निवेदनाला पुरेसा चांगला मानावा. ५ आणि १२ यांतल्या फरकासाठी जादा पैसे मोजण्यात मात्र घरच्या खोलीत काही अर्थ नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत कूलर चालू ठेवून केलेल्या मुद्रणात मायक्रोफोनची कुजबुज ऐकू येण्याची सोयच उरत नाही. म्हणून पहाटे, पंखा-कूलर बंद करून काम उरकावे. तोच पैसा गाद्या, गोधड्या आणि जाड पडद्यांवर खर्च केलेला बरा. कापसाच्या मुलखात भिंतीला लावायला गादी मिळणे अवघड नाही. त्यांनी खोलीतली घुमघुम कमी होते, बाहेरचा आवाज मात्र फारसा थांबत नाही. रेल्वेमार्गाजवळच्या घरात खालची गुरगुर कापण्यासाठी सुमारे ८० हर्ट्झचा लो-कट स्विच उपयोगी पडतो.

दिशा-आकृती म्हणजे पोलर पॅटर्न एकट्या निवेदकासाठी कार्डिऑइड असावी. ती समोरचे टिपते आणि पाठीमागचे दाबते, म्हणून मायक्रोफोनची पाठ खिडकीकडे किंवा संगणकाच्या पंख्याकडे करावी. जवळून बोलल्यास तिच्यात खर्ज वाढतो. भारदस्त आवाजाच्या मोहाने फार जवळ सरकलेल्या निवेदकाचे शब्द गढूळ होतात. अहिराणी विनोदी संवादांत पात्रे एकमेकांवर ओरडत असतील तर १० डेसिबलचा पॅड (संकेताची पातळी कमी करणारा स्विच) असलेला मायक्रोफोन घ्यावा.

मोठ्या, सुमारे २५ मिलिमीटर व्यासाच्या पडद्याला निवेदनात पसंती असते. नॉयमानचा १९६७ चा यू ८७ हा त्यातला प्रसिद्ध नमुना. अनेक स्वस्त मायक्रोफोनांत वरच्या पट्टीला मुद्दाम उठाव दिलेला असतो. दुकानात तो चकचकीत वाटतो, पण मराठीतले स, श आणि च टोचू लागतात. विकत घेण्यापूर्वी चाचणी घ्यायची तर खानदेशातील गावांची नावेच वाचावीत. भुसावळ, फैजपूर, भडगाव, पाचोरा, पिंपळनेर यांतून प, फ, भ यांचा श्वासाचा धक्का कळतो. शिरपूर, शिंदखेडा, साक्री, सावदा यांतून शीत्कार, म्हणजे स-श यांची टोचणी. धक्क्यासाठी पॉप फिल्टर (तोंडासमोरची जाळी) लावून तोंड मायक्रोफोनच्या किंचित बाजूला ठेवणे हा उपाय बहुतेकांना पुरतो. शीत्काराला असा सोपा उपाय नाही, म्हणून त्या कसोटीत नापास झालेला मायक्रोफोन घेऊ नये.

खोली सुधारणे शक्यच नसेल तर कंडेन्सरचा हट्ट सोडून डायनॅमिक घ्यावा. रेडिओ स्टुडिओंत इलेक्ट्रो-व्हॉइस आरई२० आणि शूर एसएम७बी या डायनॅमिक मायक्रोफोनांचा जम आहे तो उगाच नव्हे. मात्र एसएम७बीसारख्याला सुमारे ६० डेसिबल प्रवर्धन लागते, त्यामुळे कमजोर इंटरफेसवर त्याची खरखर वाढते.

कंडेन्सरला धूळ आणि ओल दोन्ही सोसत नाहीत. भारित पडदा धूळ ओढतो, आणि पावसाळ्यात आत ओल धरली की विद्युतभार गळून तडतड सुरू होते. काम संपले की तो सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवतात.