युआनच्या १९९४च्या अवमूल्यनाने शेजाऱ्यांची गुंतवणूक पळवली का?

सप्टेंबर १९८५मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच बड्या देशांनी डॉलरची किंमत उतरवायचे ठरवले. तेव्हा डॉलरला सुमारे २४० येन पडत. १९८८मध्ये १३०च्या आसपास. जपानमध्ये माल बनवून बाहेर विकणे परवडेना आणि परदेशातली जमीन-मजुरी येनच्या हिशेबात जवळपास निम्म्यावर आली. कारखाने थायलंड, मलेशिया, इंडोनेशियाकडे निघाले.

पुढे १ जानेवारी १९९४ रोजी चीनने सरकारी दर डॉलरला ५.८ वरून ८.७ युआन केला. म्हणजे युआनची किंमत एका फटक्यात एक तृतीयांशाने घटली. १९९७च्या आशियाई चलनसंकटाचे मूळ अनेकांनी इथेच शोधले: चीन स्वस्त झाला, गुंतवणूक तिकडे वळली, शेजारी कोरडे पडले. हे आजही ठामपणे सांगितले जाते. पण तेव्हा चीनमध्ये दोन दर चालत. सरकारी दराशेजारी परकीय चलनाच्या अदलाबदलीची केंद्रे होती, आणि सुमारे ८० टक्के व्यवहार तिथल्या दराने होत. तो दर आधीच ८.७च्या जवळ पोचला होता. परदेशी कंपन्यांना ही केंद्रे १९८६पासून खुली होती. म्हणजे ज्यांना आकर्षित केल्याचा आरोप आहे, त्यांच्यासाठी त्या दिवशी फारसे काही बदललेच नाही. शिवाय चीनमधली थेट परकीय गुंतवणूक १९९१मधल्या सुमारे ४.४ अब्ज डॉलरवरून १९९३मध्ये २७ अब्जांवर गेली होती. म्हणजे मोठी उडी अवमूल्यनाच्या आधीची. ती आणली १९९२नंतर नव्याने उघडलेल्या दारांनी.

थायलंडला खरा फटका येनने दिला, असे माझे मत. एप्रिल १९९५मध्ये डॉलरला ८० येन होते, १९९७च्या मध्याला सुमारे ११५. थायलंडचे चलन बाथ डॉलरला २५च्या आसपास बांधलेला, म्हणून येनच्या तुलनेत तोही महागला. नवा कारखाना थायलंडमध्ये काढण्याचे जपानी गणित बिघडले आणि निर्यातही थंडावली.

२ जुलै १९९७ला बाथ मोकळा सोडला गेला; जानेवारी १९९८मध्ये डॉलर ५० बाथपलीकडे होता. अडचणीतल्या थाई बँका आणि कारखान्यांतले हिस्से परदेशी कंपन्यांनी स्वस्तात घेतले, आणि १९९८मध्ये थेट गुंतवणूक उलट वाढली. इंडोनेशियाचा रुपिया त्याहून जास्त कोसळला, सुमारे २,४०० वरून १५,०००च्या पुढे. तिथून मात्र भांडवल बाहेर पडले, कारण दंगली उसळल्या होत्या आणि मे १९९८मध्ये राजवटच कोसळली.

या पडझडीत चीनने युआन ८.२८वर धरून ठेवला, तो २१ जुलै २००५पर्यंत. त्याच दिवशी मलेशियानेही सप्टेंबर १९९८पासून ३.८०ला बांधलेला रिंगिट सोडला.